लिटर बॉक्स टाळणारे मांजर : कारणमीमांसा व उपाययोजना

गोषवारा

घरात पाळलेल्या मांजराने लिटर बॉक्स सोडून अन्यत्र मलमूत्र विसर्जन करणे ही मांजर पाळणाऱ्या कुटुंबांपुढील नेहमीची समस्या आहे. हे वर्तन बहुधा हट्ट, खोडी किंवा सूड मानले जाते. त्यामुळे शिक्षा करणे, कोंडून ठेवणे वा मांजर दूर नेऊन सोडणे असे उपाय योजले जातात. प्रस्तुत लेखात या वर्तनाची शारीरिक, परिसरविषयक व मानसिक कारणे स्पष्ट केली असून उपाययोजनेचा क्रम मांडला आहे. हे वर्तन अपराध नसून लक्षण आहे आणि लक्षणाचा विचार वैद्यकीय तपासणीपासून सुरू व्हावा, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पाळीव मांजर, लिटर बॉक्स, मूत्राशयाचा दाह, प्राणिवर्तन, ताण, प्राणिकल्याण.

१. प्रस्तावना

वाडा, चाळ आणि खेड्यातील घर यांत मांजर घरचे असले तरी घरात कोंडलेले नव्हते. उंदरांचा बंदोबस्त आणि मुलांचा विरंगुळा या बदल्यात त्याला दूधभाताचा घास मिळे. मलमूत्र विसर्जनासाठी मात्र ते परसदारी, बागेच्या मातीत किंवा राखेच्या ढिगाऱ्यावर जाई. त्यामुळे मांजराच्या शौचाचा प्रश्न घरातील माणसांपुढे क्वचितच येत असे. शहरांतील बहुमजली इमारतींमध्ये ही परिस्थिती पालटली. चौथ्या वा चौदाव्या मजल्यावरील सदनिकेत वाढणाऱ्या मांजराला माती मिळत नाही. ती त्याच्यासाठी एका पेटीत आणून ठेवावी लागते. ही पेटी म्हणजे लिटर बॉक्स, आणि तिच्यात भरलेला माती, वाळू वा भुशासारखा शोषक पदार्थ म्हणजे लिटर.

बहुतेक मांजरे ही व्यवस्था सहज स्वीकारतात. काही मांजरे मात्र महिनोन्महिने पेटी वापरल्यानंतर अचानक गादीवर, पायपुसण्यावर, कपड्यांच्या ढिगावर किंवा दाराच्या कोपऱ्यात विसर्जन करू लागतात. दुर्गंधी व अस्वच्छता यांमुळे घरात वाद होतात आणि ज्या सदस्याने मांजर आणलेले असते त्याच्यावर रोष ओढवतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्राण्यांच्या आश्रयगृहांसंबंधी जे अभ्यास झाले, त्यांत मालकांनी मांजर सोडून देण्याच्या वर्तनविषयक कारणांमध्ये हे कारण ठळकपणे आढळले. आपल्याकडेही मांजर पिशवीत घालून दूरच्या मंडईत वा मासळीबाजारात सोडून येण्याची रीत जुनी आहे. घरातच वाढलेल्या मांजरासाठी हा प्रवास अनेकदा उपासमारीकडे नेणारा ठरतो. पाळीव प्राण्याला भूक किंवा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न प्राण्याच्या जीविताचा व कुटुंबाच्या स्वास्थ्याचाही प्रश्न ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) मांजराच्या मलमूत्र विसर्जनामागील नैसर्गिक प्रवृत्ती स्पष्ट करणे. (२) पेटी टाळण्याच्या कारणांचे वर्गीकरण करणे. (३) सामान्य कुटुंबास अनुसरता येईल असा उपाययोजनेचा क्रम सुचविणे. (४) प्रचलित पण अपायकारक उपायांकडे लक्ष वेधणे.

३. पार्श्वभूमी : मांजराचा स्वभाव आणि पेटीचा इतिहास

पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर होय, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले असून, माणूस व मांजर यांच्या सहवासाचे प्राचीनत्व त्यावरून लक्षात येते. कोरड्या प्रदेशातील या पूर्वजाकडून आजच्या मांजराला दोन गोष्टी वारशाने मिळाल्या. पहिली म्हणजे कमी पाण्यावर निभाव लागावा म्हणून मूत्र अतिशय संहत करणारी मूत्रपिंडे. मांजराच्या मूत्राच्या उग्र दर्पामागे हे एक कारण आहे. दुसरी म्हणजे भुसभुशीत जागा उकरून तेथे विसर्जन करण्याची आणि ते बहुधा झाकून टाकण्याची प्रवृत्ती.

ही प्रवृत्ती शिकवावी लागत नाही. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलाचे विसर्जन आईच्या चाटण्यावर अवलंबून असते. त्यानंतर पिलू स्वतःहून माती उकरू लागते. कोणत्या पदार्थावर विसर्जन करावे याची आवड मात्र अनुभवातून घडते. वर्तमानपत्राच्या कागदावर वाढलेले पिलू पुढे घरातील कोणत्याही कागदाकडे त्याच दृष्टीने पाहू शकते.

लिटर बॉक्सचा व्यापारी इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. १९४७ पूर्वी पाश्चात्त्य घरांतही वाळू, राख किंवा माती वापरली जात असे. त्या वर्षी अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी, कारखान्यांत सांडलेले तेल शोषून घेण्यासाठी विकली जाणारी दाणेदार माती मांजरासाठी देऊ केली. आपल्याकडील मुलतानी माती याच वर्गातील होय. पुढे १९८० च्या दशकात ओलाव्याने गोळा बनणारी बेंटोनाइट माती वापरात आली. या शोधांमुळे मांजर पूर्णवेळ घरात ठेवणे शक्य झाले. मात्र जागेची निवड मांजराकडून माणसाकडे गेली. परसातील मांजर जागा आवडली नाही तर दुसरी शोधत असे. सदनिकेतील मांजरही तेच करते, फक्त त्याला सापडणारी दुसरी जागा गादी किंवा गालिचा असते.

४. सूडाच्या कल्पनेची चिकित्सा

मालक गावाहून परतल्यावर त्याच्याच अंथरुणावर मांजराने मूत्रविसर्जन केले, तर 'त्याने राग काढला' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष मानवी भावनांचे प्राण्यावर आरोपण करण्यातून आलेला आहे. ज्या दर्पाने माणसाला किळस येते तोच दर्प मांजराला आपल्या परिचयाची, सुरक्षिततेची खूण वाटतो. मालकाच्या अनुपस्थितीने अस्वस्थ झालेले मांजर ज्या जागी मालकाचा गंध सर्वांत दाट आहे तेथे स्वतःचा गंध मिसळते, हे स्पष्टीकरण प्राणिवर्तनाच्या दृष्टीने अधिक ग्राह्य ठरते. त्याचप्रमाणे मूत्राशय दुखत असलेले मांजर मऊ जागा निवडते, तेव्हा त्यात अपमानाचा हेतू नसतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. सूड मानल्यास उपाय शिक्षेचा ठरतो आणि लक्षण मानल्यास तपासणीचा. शिक्षेने मांजराची भीती वाढते, ते लपून विसर्जन करू लागते आणि मूळ कारण तसेच राहते.

५. कारणांचे वर्गीकरण

अमेरिकन असोसिएशन ऑफ फिलाइन प्रॅक्टिशनर्स व इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फिलाइन मेडिसिन या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०१४ साली या समस्येविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आधार घेऊन पुढील चार गट करता येतात.

५.१ शारीरिक आजार

मूत्रमार्गातील खडे, मूत्राशयाचा दाह, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, बद्धकोष्ठता व जुलाब यांमुळे पेटी टाळली जाऊ शकते. विसर्जनाच्या वेळी वेदना झाल्यास मांजर त्या वेदनेचा संबंध पेटीशी जोडते आणि आजार बरा झाल्यानंतरही पेटीकडे फिरकत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकारात मूत्राचे प्रमाण इतके वाढते की पेटी लवकर ओली होते. वृद्ध मांजरांत सांधेदुखी हे दुर्लक्षित कारण आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांची पाहणी केली असता ९० टक्के मांजरांत सांध्यांच्या झिजेची चिन्हे आढळली. अशा मांजराला पेटीची उंच कड ओलांडणे हेच कष्टाचे असते.

या गटातील एक अवस्था तातडीची आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो खड्यांनी किंवा चिकट द्रव्याने पूर्णपणे बंद होऊ शकतो. असा बोका वारंवार पेटीत वा बाहेर बसतो, कुंथतो, ओरडतो, जननेंद्रिय चाटतो. पण मूत्र थेंबभर येते किंवा येतच नाही. अनेकदा याला बद्धकोष्ठता समजून वाट पाहिली जाते. रक्तात पोटॅशियम व टाकाऊ द्रव्ये साचून एक-दोन दिवसांतच प्राणावर बेतते. त्यामुळे अशा बोक्यास रात्र असली तरी पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक आहे.

५.२ अज्ञात कारणाचा मूत्राशयदाह

मूत्रमार्गाच्या तक्रारी असणाऱ्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत जंतुसंसर्ग वा खडे सापडत नाहीत, तरीही मूत्राशयाचा दाह असतो. म्हणून केवळ प्रतिजैविके देऊन हा विकार बरा होत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील टोनी बफिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा ताणाशी असलेला संबंध दाखवून दिला. २००६ सालच्या त्यांच्या अभ्यासात अशा ४६ घरगुती मांजरांच्या परिसरात लपण्याच्या जागा, खेळ, पाणी व पेटीची व्यवस्था यांत सुधारणा करण्यात आली. मूत्रविकाराची लक्षणे आणि भित्रेपणा या दोहोंत लक्षणीय घट झाली. २०११ सालच्या अभ्यासात आणखी महत्त्वाची बाब पुढे आली. दिनक्रम विस्कळीत झाल्यास या विकाराने ग्रस्त मांजरांप्रमाणेच निरोगी मांजरांतही भूक मंदावणे, पेटीबाहेर विसर्जन करणे ही लक्षणे दिसली. शरीर आणि परिसर यांची काटेकोर विभागणी करता येत नाही, हे यावरून लक्षात येते.

५.३ खुणेसाठी मूत्र फवारणे

विसर्जन व फवारणी या भिन्न क्रिया आहेत. विसर्जन करताना मांजर बसते, आडव्या पृष्ठभागाचा वापर करते व पुरेसे मूत्र टाकते. फवारताना ते उभे राहते, शेपटी उंच करून थरथरवते आणि भिंत, दार वा पडद्यावर थोडेसे मूत्र उडविते. हा गंधाचा संदेश असतो. मांजराच्या मूत्रातील फेलिनीन या द्रव्यापासून गंधकयुक्त दर्प निर्माण होतो आणि निर्बीजीकरण न केलेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून निर्बीजीकरण हा येथील प्रमुख उपाय होय. मात्र तो सर्वस्वी हमखास नाही. हार्ट व कूपर यांच्या १९८४ सालच्या अभ्यासात, वयात येण्यापूर्वी निर्बीजीकरण केलेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के व मादींपैकी सुमारे ५ टक्के मांजरे पुढे फवारणी करताना आढळली. खिडकीबाहेर फिरणारा अनोळखी बोका हे याचे नेहमीचे निमित्त असते.

५.४ पेटी व परिसर यांतील दोष

निरोगी मांजराने पेटी टाळली तर दोष बहुधा पेटीत, तिच्या जागेत किंवा घरातील घडामोडींत असतो. अस्वच्छ पेटी, लहान आकार, सुवासिक लिटर, लिटरचा प्रकार एकाएकी बदलणे ही सामान्य कारणे आहेत. माणसाच्या नाकाला सुखद वाटणारा सुगंध मांजराच्या कितीतरी तीक्ष्ण घ्राणेंद्रियाला असह्य होऊ शकतो. जागेच्या अभावी पेटी न्हाणीघरात वॉशिंग मशीनशेजारी ठेवली जाते. मांजर आत बसले असता यंत्र घरघरू लागले, तर तो एक धक्काही पुरेसा ठरतो. पावसाळ्यात बाल्कनीतील पेटी भिजते व मांजर कोरडी जागा शोधते. स्नानानंतर दार लावून घेण्याच्या सवयीने पेटीपर्यंतची वाट बंद होते, ही बाब तर कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

घरातील घडामोडींत नवीन बाळ, नवे मांजर, स्थलांतर, रंगकाम, सणासुदीची पाहुण्यांची वर्दळ आणि दिवाळीतील फटाके यांचा समावेश होतो. अनेक मांजरे असलेल्या घरात एखादे दांडगे मांजर पेटीच्या वाटेवर नुसते बसून राहते; भांडण दिसत नाही, परंतु दुबळ्या मांजराला पेटी दुर्लभ होते.

६. उपाययोजनेचा क्रम

६.१ तपासणी व नोंद. प्रथम पशुवैद्यकाकडून शारीरिक तपासणी व मूत्रतपासणी करून घ्यावी. त्याच वेळी एका वहीत दिनांक, वेळ, जागा, मल की मूत्र, प्रमाण आणि त्या दिवशी घरात घडलेली विशेष घटना यांची नोंद ठेवावी. दोन आठवड्यांच्या नोंदीतून कारणाचा माग बहुधा लागतो. घटना केवळ सोमवारी घडत असतील तर सोमवारी घरात काय वेगळे होते, हा प्रश्न विचारता येतो.

६.२ पेटीची सुधारणा. पेटीची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. बाजारातील अनेक पेट्या या मापात बसत नाहीत. कपडे ठेवण्याचा प्लॅस्टिकचा मोठा, उथळ डबा एका बाजूने कापून घेतल्यास स्वस्तात काम होते. वृद्ध मांजरासाठी प्रवेशाची कड विशेष खाली असावी. पेट्यांची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावी आणि त्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. शेजारी ठेवलेल्या तीन पेट्या मांजराच्या दृष्टीने एकच जागा असतात. अन्नपाण्याजवळ पेटी ठेवू नये. मळ व ओले गोळे दररोज काढावेत आणि पेटी ठरावीक काळाने साध्या साबणाने धुवावी.

रोजच्या स्वच्छतेचे माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. मांजराच्या मळातून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यानंतर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो. दररोज मळ काढल्यास हा धोका बराच घटतो. गर्भवती स्त्रीने हे काम शक्यतो दुसऱ्यावर सोपवावे.

६.३ लिटरची निवड. बहुतेक मांजरांना बारीक दाण्याचे, गंधहीन, गोळा बनणारे लिटर आवडते, असे पीटर बोर्शेल्ट यांच्या १९९१ सालच्या लेखनापासून मानले जाते. तथापि प्रत्येक मांजराची आवड निराळी असते. ती जाणण्यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. दोन सारख्या पेट्या जवळजवळ ठेवून एकीत बारीक वाळू व दुसरीत बेंटोनाइट माती किंवा लाकडाचा भुसा सुमारे तीन सेंटिमीटर जाडीने भरावा. आठवडाभर दोन्हींतील वापर मोजावा, मध्यंतरी पेट्यांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे आवड पदार्थाची आहे की जागेची हे कळते. झाकणाच्या पेटीबाबतही हाच मार्ग अवलंबावा. २०१३ सालच्या एका तौलनिक अभ्यासात स्वच्छ ठेवलेल्या झाकणाच्या व बिनझाकणाच्या पेट्यांपैकी बहुसंख्य मांजरांनी कोणतीही विशेष पसंती दाखविली नाही. वापरातील लिटर बदलायचे झाल्यास नवे लिटर जुन्यात थोडेथोडे मिसळत न्यावे.

६.४ डागांची सफाई. मांजर गंधाच्या मागाने त्याच जागी परत येते. त्यामुळे डाग केवळ दिसेनासा होऊन चालत नाही. मूत्रातील घटकांचे विघटन करणारे विकरयुक्त द्रावण वापरणे उत्तम. अमोनियायुक्त द्रावणाचा दर्प मूत्राशी मिळताजुळता असल्याने ते टाळावे. सफाईनंतर त्या जागी खाऊची वाटी किंवा मांजराचे अंथरूण ठेवल्यास जागेचा अर्थच बदलतो, कारण मांजर खाण्याच्या जागी सहसा विसर्जन करीत नाही.

६.५ ताणाचे निवारण. वर उल्लेखिलेल्या दोन्ही संघटनांनी २०१३ साली मांजराच्या निकोप परिसराचे पाच आधार सांगितले : सुरक्षित जागा, अन्न, पाणी, पेटी यांची विखुरलेली व पुरेशी सोय, खेळ व शिकारीच्या प्रवृत्तीला वाव, माणसाशी विश्वासाचे, सातत्यपूर्ण नाते, आणि मांजराच्या गंधविश्वाचा आदर. लहान सदनिकेतही हे शक्य आहे. कपाटावरील मोकळी जागा, पुठ्ठ्याचे खोके, दिवसातून दोनदा दहा मिनिटांचा खेळ आणि जेवणाची ठरलेली वेळ यांना फारसा खर्च येत नाही. दिवाळीच्या दिवसांत आतील खोलीत पेटी, पाणी व लपण्याची जागा आधीच तयार ठेवावी.

६.६ पुनर्शिक्षण. सवय पक्की झाली असल्यास मांजराला काही दिवस एका लहान खोलीत पेटी, अन्न, पाणी व अंथरूण यांसह ठेवावे. पेटीचा वापर नियमित झाल्यावर घराचा एकेक भाग खुला करावा. ही खोली तुरुंग ठरू नये, यासाठी घरच्यांनी तेथे वेळ घालविणे आवश्यक असते. वर्तन न सुधारल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने चिंताशामक औषधांचाही विचार होऊ शकतो.

७. टाळावयाचे उपाय

मांजराचे नाक मूत्रात घासणे, मारणे, ओढत पेटीत नेऊन बसविणे या गोष्टींनी पेटीविषयीची भीतीच दृढ होते. पेटीत अत्तर शिंपडणे वा उदबत्ती लावणे हे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशा प्रकारचे उपाय होत.

त्याहून गंभीर बाब फिनाईलची आहे. आपल्याकडे दुर्गंधीवर फिनाईल टाकून फरशी पुसणे ही रूढ पद्धत आहे. मांजराच्या यकृतात फिनॉल वर्गातील द्रव्यांचे निर्विषीकरण करणारी यंत्रणा अपुरी असते. पायाला लागलेले द्रव्य मांजर चाटते व ते त्याच्या पोटात जाते. त्यामुळे काळे फिनाईल व तत्सम जंतुनाशके मांजराच्या वावराच्या जागी वापरू नयेत. याच कारणाने माणसांसाठीची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते. वेदना कमी व्हावी या सद्हेतूनेही ती देऊ नये.

८. निष्कर्ष

१. लिटर बॉक्स टाळणे हे मांजराच्या शारीरिक वा मानसिक अस्वास्थ्याचे, अथवा पेटीच्या सदोष व्यवस्थेचे लक्षण आहे. सूड ही कल्पना त्याचे स्पष्टीकरण करीत नाही.

२. उपाययोजनेत वैद्यकीय तपासणीस अग्रक्रम असावा. मूत्र अडलेल्या बोक्याच्या बाबतीत विलंब प्राणघातक ठरतो.

३. पेटीचा आकार, संख्या, जागा, स्वच्छता व लिटरचा प्रकार यांतील सुधारणा अल्प खर्चात शक्य असून त्या पद्धतशीर निरीक्षणावर आधारलेल्या असाव्यात.

४. शिक्षा, सुगंधी द्रव्ये व फिनाईल हे उपाय निरुपयोगी किंवा अपायकारक आहेत.

५. मांजराला परसदार नाकारून सदनिकेत ठेवण्याचा निर्णय माणसाचा असल्याने त्याच्या नैसर्गिक गरजेची योग्य सोय करणे हेही माणसाचेच दायित्व ठरते. मांजर दूर नेऊन सोडण्याचा विचार मनात येण्यापूर्वी त्याची एकदा तपासणी आणि पेटीची एकदा पाहणी झाली, तर अनेक मांजरे आपल्या घरी राहू शकतील.